तिच्यासारखीच दुसरी

शाऊ केई वान, हाँगकाँग
१२ जानेवारी

आ-वाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडता बाजूला ठेवशील, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिते. उजेडासमोर धरलंस तरी वाचता येईल. पुई-यिन आजारी आहे. तुझी मुलगी. छातीच्या मधोमध, हृदयापुढे एक लहानशी ग्रंथी असते, तिच्यात गाठ झाली आहे आणि ती फुप्फुसाच्या आवरणावर पसरली आहे.

तुला कळवायचं नाही, अशी शपथ तिने मला घातली आहे. शपथ मोडण्याचं पाप कोणत्या प्रकारात मोडतं हे सिस्टर कॉन्सिलिया आपल्याला फळ्यावर लिहून दाखवायच्या. ते मी फादरांसमोर निस्तरीन.

आपण दोघी रोज एकाच ठिकाणी काम करतो आणि एकमेकींशी बोलत नाही. आई असती तर तिला हे समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली असती. चार शहरांतल्या रुग्णांच्या गाठी, त्यांच्या जनुकांचं वाचन, सगळं एका क्लाउडवर. सोल, तैपेई, हाँगकाँग, टोरांटो, चौघांनाही उघडं. इथल्या नमुन्यांची देखभाल माझ्याकडे, आणि सगळ्या साठ्यातून शोध घेणारी यंत्रणा तुझ्या हाताखाली. हे जाळं विणताना हाँगकाँगकडून माझं नाव आलं, तेव्हा तू नाही म्हणाली नाहीस, हे मी तेव्हाच मनात जपून ठेवलं. त्यानंतर तू मला एक फोन केला नाहीस, पण माझ्या नमुन्यांखाली तुझ्या टिपण्या येत राहिल्या. 'वयोगट तपासा.' 'रक्ताचा जोडनमुना कुठे आहे?' मी त्या वाचते तेव्हा तू शेजारच्या खोलीतून ओरडते आहेस असं वाटतं.

पण तिथे मला तिचं नाव लिहिता येत नाही. तिथे कुणालाच नाव नसतं. क्रमांक, पाच-पाच वर्षांचा वयोगट, आणि पत्त्याच्या जागी 'पूर्व आशिया' एवढंच. म्हणून हा कागद.

तिचा क्रमांक खाली लिहिला आहे. तिच्या एका जनुकातून एक छोटासा तुकडा गळाला आहे आणि त्याजागी दुसरीकडची अक्षरं येऊन बसली आहेत. असा बदल तिला तपासणाऱ्या डॉ. लुईंनी कधी पाहिला नाही, मीही नाही. नेहमीच्या उपचाराच्या दोन फेऱ्या झाल्या, उपयोग झाला नाही. डॉक्टर म्हणतात, हाच बदल असलेला दुसरा एखादा रुग्ण सापडला आणि तो कुठल्या औषधाने सुधारला असेल, तर ते औषध मागवण्यासाठी काही आधार मिळेल. उपचारांच्या निकालांसकट सगळा साठा चाळण्याची परवानगी फक्त टोरांटोला आहे.

तू शोध घे. एवढंच मागते.

ती अकरा वर्षांची असताना तू तिला टोरांटोला नेलंस, एक हिवाळा तिथे काढून ती माझ्याकडे परत आली. आईच्या शवपेटीपुढे तू सगळ्यांदेखत म्हणालीस की मी तुझी मुलगी घेतली. त्यावर ती तुला जे म्हणाली, 'तिने घेतलं नाही, मीच आले', ते वाक्य तिचं होतं. तू मात्र ते माझ्या नावावर लावलंस आणि नऊ वर्षं तसंच राहू दिलंस. असो. मला गा-जे म्हणून हाक मारणारं, थोरली बहीण म्हणून हाक मारणारं, आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. त्या हाकेखातर.

विनिफ्रेड


४ फेब्रुवारी

आ-वाई,

तुझी टिपणी मी उभ्यानेच वाचली. 'जुळणारा नमुना: एक. तोच जनुक, तोच तुकडा, त्याजागी तीच अक्षरं. स्त्री, वयोगट ३० ते ३४. गोळीने गाठ निम्म्याने लहान. जिवंत.'

शेवटच्या शब्दाखाली मी पडद्यावर बोट ठेवलं. आपण लहानपणी बायबल वाचताना ओळ चुकू नये म्हणून ठेवायचो तसं.

सोलच्या नामगुंगने खाली लिहिलं, 'इतक्या सारख्या? जुळ्या बहिणी असतील, एकीला सांगा दुसरी सापडली म्हणून.' एरवी त्याचे विनोद मी वाचून सोडून देते. काल मला त्याचा फार लोभ वाटला.

संध्याकाळी पुई-यिनला सांगितलं. मग पत्राचंही सांगावं लागलं. ती चिडली. म्हणाली, यी-मा, तुझ्या पोटात एक गोष्ट तरी राहते का? मावशीशी असं बोलतात का, असं मी म्हटलं, तर म्हणाली, मावशी नावाचं खातं या घरात कधी नव्हतंच. मी तिला सगळं सांगितलं, ती कोणी दुसरी बाई, तिची गाठ, ती गोळी. ती ऐकत होती. गोळीचं नाव काय, असं विचारलं. मी सांगितलं. डॉ. लुईंची जीभ अजून त्या नावावर अडखळते. हिने पहिल्याच झटक्यात स्वच्छ उच्चारलं. हुशार आहे, तुझ्यावर गेली आहे.

मग तिने विचारलं, 'हे कुणी शोधलं?'

तुझ्या आईने, मी म्हटलं.

'म्हणजे तिच्या हाताखालच्या माणसांनी.'

नाही, स्वतः. रविवारी बसून. टिपणीखाली तिचंच नाव आहे.

गेल्या आठवड्यात तिने डॉक्टरांना निक्षून सांगितलं होतं की आता आणखी काही नको, घरी राहू द्या. काल म्हणाली, 'बरं. मग घेऊ.'

आ-वाई, एवढं तू केलंस. बाकीचं सगळं मी विसरले असं लिहिणार नाही, विसरले नाही. पण काल जेवणानंतर मी आईच्या फोटोपुढे संत्री ठेवली तेव्हा तुझ्या नावाचंही एक ठेवलं.

डॉ. लुईंनी कंपनीला पत्र लिहिलं आहे. नववर्षाच्या सुट्ट्या आड येऊ नयेत म्हणजे झालं.

तुझी गा-जे


२६ फेब्रुवारी

आ-वाई,

गोळ्या आल्या. पिवळ्या आहेत, मध्ये खाच आहे. नववर्षाच्या तिसऱ्या दिवशी सुरू केल्या. तो दिवस भांडणाचा मानतात, कुणाकडे जायचं नाही, म्हणजे कुणी येणारही नाही. ते बरंच झालं.

तिची समज बघून मला नवल वाटतं. या गोळीने तळहात आणि तळपाय फुटतात, असं नर्स आम्हाला समजावत होती, तर हिने आधीच सुती मोजे आणि मलम आणून ठेवलं होतं. झोंबणारी टूथपेस्ट बदलून लहान मुलांची आणली, तोंडात फोड येतात म्हणून. कुठून कळलं, असं विचारलं तर म्हणाली, 'यी-मा, हल्ली सगळं फोनवर असतं.' मी दवाखान्यात बत्तीस वर्षं घालवली आणि मला टूथपेस्टचं सुचलं नाही.

रोज कमळकाकडीचं सूप करते. डुकराची हाडं, शेंगदाणे, तेच आईचं. ती म्हणते, 'तुझ्या सूपला कंटाळूनच गाठ निघून जाईल, गोळी कशाला.' अर्धा वाडगा पिते. परवा पाऊण वाडगा प्यायली. वजनाचं विचारू नकोस, या काट्यावर माझा विश्वास नाही.

तुझा फोन आला तो दिवस मी कॅलेंडरवर खूण करून ठेवला आहे. मी मुद्दाम स्वयंपाकघरात गेले, पण आपल्या घराच्या भिंती तुला माहीत आहेत. नऊ वर्षांनी बोललात आणि काय बोललात! तू विचारलंस, दिवसातून दोनदा घेतेस ना? हो. जेवणानंतर? हो. चुकवत नाहीस ना? नाही. मला वाटलं होतं कुणीतरी रडेल. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ तो हातात धरून बसली होती. मी विचारलं, काय म्हणाली आई? तर म्हणाली, 'डॉक्टरसारखी बोलते. पण सावकाश बोलते. आधी नाही बोलायची.'

आज तिच्या तळपायांना मलम लावत होते. कातडी सोलून निघते, गुलाबी दिसते, बाळाच्या पायासारखी. मला एकदम तुझी शाळेतली मान आठवली. गणवेशाच्या त्या निळ्या छाँगसामच्या गळ्याचा आकडा तुला कधी लावता यायचा नाही. सिस्टर दारात पट्टी घेऊन उभ्या, आणि तू पायरीवर मान वर करून माझ्यापुढे उभी, 'लवकर, गा-जे, लवकर.' मी आकडा लावायचे आणि तू आभार न मानता पळायचीस. तेव्हा वाटायचं, हिला जन्मभर कुणीतरी लागणार. आणि तूच सगळ्यांत दूर गेलीस.

तिला बरं वाटतं आहे. खोकला तसाच आहे, पण डॉक्टर म्हणतात थोडा वेळ द्या. आपण वेळ देऊ.

तुझी गा-जे


२१ मार्च

आ-वाई,

मागच्या पत्रात मी वजनाचं टाळलं. काटा बरोबर होता.

छातीचा स्कॅन केला. गाठ वाढली आहे, उजव्या बाजूला पाणी भरलं आहे. काल सुई घालून काढलं. ती तोंडातून आवाज काढत नाही, फक्त माझा अंगठा धरते. लहानपणी लस टोचताना धरायची तसा.

डॉ. लुई गोळी थांबवू म्हणत होते. मग तुझी टिपणी आली, की त्या दुसऱ्या रुग्णाला सुरुवातीपासून जास्त मात्रा दिली होती, आपल्याकडे कमी दिली जाते आहे, वाढवून बघावी. ते तुझं बरोबरच होतं, नोंदीत तसंच आहे. डॉक्टरांनी पुई-यिनपुढे दोन्ही गोष्टी ठेवल्या आणि तिला ठरवायला सांगितलं.

ती म्हणाली, 'आई म्हणते ना, मग वाढवा.'

बारा वर्षांची असताना तू पाठवलेला कोट तिने लिफ्टच्या खोलीत लपवला होता, तीच ही. तुझं म्हणणं तिने जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

आता तोंड आतून सोललं आहे. पातळ भाताची पेजही थंड करून, चमच्या चमच्याने. बोलणं कमी झालं आहे, पण टोमणे चालू आहेत. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या आजी दिवसभर रेडिओवर घोड्यांच्या शर्यती ऐकतात. परवा त्यांचा घोडा हरला तर ही त्यांना म्हणाली, 'आ-पो, माझ्यावर लावा, मी पण शेवटूनच येते.' आजी हसल्या आणि मग तोंड फिरवून बसल्या.

तू लिहितेस की एप्रिलमध्ये सगळा साठा नव्या यंत्रणेवर हलवायचा आहे, ते झालं की येशील. मी तुझ्या कामाला कमी लेखत नाही. मीही तेच काम करते. पण ते तुझ्याशिवाय हलेल, आ-वाई. यादीत तुझ्याखाली चार नावं आहेत, मी पाहिली.

ती तुझ्याबद्दल विचारत नाही. पण फोन उशीखाली नाही, उशीवर असतो.

तुझी गा-जे


६ एप्रिल

आ-वाई,

गोळी बंद केली. कारण विचारू नकोस, टिपणीतही विचारू नकोस, तिथे सगळे वाचतात. डॉ. लुईंना माहीत आहे, त्यांना पटलं आहे. त्या दुसऱ्या रुग्णाशी तुलना आता करू नकोस, आणि तिच्याबद्दल सोलला किंवा आणखी कुणाला काही सुचवू नकोस. मी तुला एक गोष्ट आज लिहिणार नाही. लिहिणार नाही असं वचन दिलं आहे. एका वर्षात किती शपथा मोडायच्या?

परवा कबरी झाडायचा दिवस झाला. चाय वानच्या दफनभूमीच्या पायऱ्या मी एकटीच चढले. बाबांच्या दगडावरची अक्षरं पुन्हा लाल रंगवायला हवी आहेत. शेजारी एक कुटुंब नैवेद्याला भाजलेलं डुक्कर घेऊन आलं होतं, मुलं कबरींमधून धावत होती. माझ्या हातात झाडू होता आणि मला एकाएकी पुढच्या वर्षीचं दिसलं. मी तिथेच बसले.

यंत्रणा हलवणं सोडून ये. ती अजून माणसं ओळखते आहे, अजून टोमणे मारते आहे. तू काढलेल्या शनिवारच्या तिकिटाची वाट बघू नकोस.

गा-जे


११ मे

आ-वाई,

तू शनिवारी पोचलीस आणि ती गुरुवारी गेली, याबद्दल मी काही लिहिणार नाही. तू दारात उभी होतीस तेव्हाच तुझ्या तोंडावर सगळं होतं.

हे पत्र दुसऱ्याच गोष्टीबद्दल आहे. दोन नमुन्यांची नोंद एक करण्याची विनंती मी टोरांटोकडे पाठवली आहे. मंजुरी तुझी लागते. तू त्याखाली लिहिलंस, 'खात्री आहे?' आणि नंतर काहीच नाही. तिथे मला उत्तर देता येत नाही, म्हणून इथे देते. खात्री आहे.

ती दुसरी बाई पुई-यिनच होती.

मार्चच्या शेवटी तैपेईने जुन्या नमुन्यांचे राहिलेले रक्ताचे जोडनमुने, म्हणजे गाठीसोबत घेतलेलं त्याच रुग्णाचं रक्त, चढवले. तोवर त्यांच्याकडच्या त्या नमुन्यात फक्त गाठ होती, रक्त नव्हतं. आणि एकच माणूस दोनदा आला आहे का हे बघणारी आपली तपासणी रक्ताशी रक्त ताडून बघते. रक्त नसेल तो नमुना ती सोडून देते. तुला माहीतच आहे, तूच लिहिली आहेस ती. रक्त आलं तशी तिने माझ्या पडद्यावर इशारा दिला: हे दोन नमुने एकाच व्यक्तीचे. मला वाटलं आमच्याच खोलीत कुणीतरी नळ्या बदलल्या. शीतपेटीतून नवी नळी काढून पुन्हा वाचन करायला लावलं. तेच आलं. मग पुन्हा. तेच.

नाव नाही, गाव नाही, वय पाच वर्षांच्या पट्टीत. आपणच सगळं पुसलं होतं, रुग्णाच्या भल्यासाठी. नामगुंग जुळ्या म्हणाला तेव्हा आपण सगळे हसलो. गाठीतला इतका वेडावाकडा बदल दोन माणसांत अक्षर न् अक्षर सारखा कसा येईल, हे विचारायला आपल्यातलं कुणी तयार नव्हतं. मी तर नव्हतेच.

मी वॉर्डात गेले. तिच्या खाटेशी बसले आणि विचारलं, तैपेईला तू नोकरी म्हणून कार्टूनची चित्रं रंगवायला गेली होतीस ना?

'रंगवली की. मागचे डोंगर सगळे माझे आहेत.'

आणि गोळ्या?

ती म्हणाली, 'त्या पण घेतल्या. पाच महिने छान गेले. मग जिना चढताना दम लागायला लागला, तेव्हा समजलं. पुढच्या तपासणीला गेलेच नाही. सामान बांधलं आणि घरी आले.' म्हणून त्यांची नोंद तिथेच थांबली. गाठ निम्म्याने लहान. जिवंत.

पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंस, डॉक्टरांना आधी काही उपचार नाही असं का सांगितलंस, मी विचारलं. तर म्हणाली, इथल्या डॉक्टरांना सांगितलं असतं तर लिफ्टवाल्यापासून सगळ्यांनी तुला सांगितलं असतं की तुझी भाची दोन वर्षं आजारी आहे आणि तुला पत्ता नाही. तुझ्या तोंडाकडे मला बघवलं नसतं. 'बरं तेवढं सांगायचं, वाईट गिळायचं, हे मला या घरात कुणी शिकवलं, यी-मा? आजी शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा तू आईला तीन आठवडे फोनवर सांगत होतीस, बरी आहे, झोपली आहे.'

मग मी ते विचारलं जे विचारायला गेले होते. गोळी बघताच तुला कळलं असेल.

'नाव सांगितलंस तेव्हाच कळलं.'

मग घेतलीस का? पायाची कातडी निघाली, तोंड सोललं. मात्रा वाढवायला हो म्हणालीस. तुला ठाऊक होतं की आता तिचा काही उपयोग नाही.

ती म्हणाली, 'आईने शोधलं होतं ना.'

आणि थोड्या वेळाने, डोळे मिटूनच: 'रविवारी बसून. नाही कसं म्हणायचं?'

तिने मला सांगितलं की ती असेपर्यंत तुला कळू द्यायचं नाही. नंतरचं तू बघ, म्हणाली. मी हो म्हटलं. त्याच दिवशी डॉ. लुईंना सांगून गोळी बंद केली आणि तुला ते अर्धवट पत्र लिहिलं.

अंत्यविधीला तू मामेबहिणींना सांगत होतीस की औषध तू शोधून काढलं होतं, पण उशीर झाला. मी तुझ्यामागे छत्री धरून उभी होते. तू हे तीनदा सांगितलंस, आणि दर वेळी तुझा आवाज थोडा सावरत होता. मी गप्प राहिले. तू तेवढंच घेऊन विमानात बसावंस असं मला वाटलं, आणि विनंती पाठवली नसती तर जन्मभर ते तुझ्याकडे राहिलं असतं. मीही पाठवणार नव्हते. दोन नोंदी राहिल्या तर राहिल्या, कुणाचं काय जातं, असं मी स्वतःला सांगत होते. खरं सांगते, सकाळी चहाच्या आधी मी तुझ्या टिपणीमुळे निकालासकट सगळ्यांना दिसणारी ती तैपेईची नोंद उघडायचे. तिथे ती जिवंत असते. नुसतं बघायचे आणि बंद करायचे. तूही तेच करत असशील. यंत्रणेत दिसतं, कुणी कधी उघडली ते.

पण गेल्या सोमवारी सोलहून एक शोध आला. तोच जनुक, तुकडा अगदी तोच नाही, शेजारचा. स्त्री, वयोगट १५ ते १९. आणि यंत्रणेने सगळ्यांत वर काय दाखवलं असेल ते तुला वेगळं सांगायला नको. नामगुंगने या वेळी विनोद केला नाही. एवढंच लिहिलं, 'हाँगकाँग, ही गोळी कोणती? घरचे विचारत आहेत.'

मी त्याला लिहिलं, थांबा, नोंद तपासतो आहोत. त्याने पुन्हा विचारलं. नोंदी एक होत नाहीत तोवर मला याहून जास्त लिहिता येत नाही, आणि तोवर जो कुणी शोध घेईल त्याला ती दिसणार. तीस ते चौतीस. गाठ निम्म्याने लहान. जिवंत. सोलमध्ये कुणीतरी स्वयंपाकघरात उभं राहून सूप ढवळत असेल आणि त्या एका शब्दावर बोट ठेवून असेल. त्या मुलीचे तळपाय फुटतील, आ-वाई. ती कुणासाठी तरी हो म्हणेल.

ती कुणी दुसरी नव्हती. आपल्याला कुणी सापडलं नाही. जगात तिच्यासारखी ती एकटीच होती, आणि तू शोधलंस तेव्हा तुला तीच सापडली.

मंजुरी दिलीस की यंत्रणा विचारेल, दोन्हींपैकी कोणती नोंद ठेवायची. नियम तुझाच आहे, ज्यात शेवटची माहिती असेल ती. म्हणजे माझ्याकडची. तिच्यात तारीख आहे, त्यापुढे 'मृत' हा शब्द मी माझ्या हाताने भरला आहे.

ती ठेव. दुसरी जाऊ दे.

गा-जे